गुजरीतलं खड्यांचं दुकान: पुष्कराज राहू दे, मागचा खण उघडायला सांगा

कोल्हापुरातल्या गुजरीच्या बोळातल्या या दुकानात लोक पत्रिका घेऊन जातात, मी जाते गल्ल्यामागच्या लाकडी खणासाठी. मालकांच्या वडिलांना दगड जमवायचा नाद होता. तो साठा मालक आता थोडाथोडा काढतात. अकरावी-बारावीला भूगोल शिकवणाऱ्या बाईला घबाडच म्हणायचं.

आधी पुढं करतात तो रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या सोनेरी सुया असलेला क्वार्ट्झ. देखणा आहे, घासाघीस केली की साडेसातशेला सुटतो. चिठ्ठीवर मात्र 'पृथ्वीच्या प्रावरणातून' असं लिहिलंय, ते चूक. रुटाइल प्रावरणातही, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातही सापडतं, पण असा क्वार्ट्झमध्ये अडकलेला माल कवचातलाच. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक सोनेरी बघून घेतंय. प्रावरण कुणाला पायजे?"

मला पायजे! आणि ते त्याच खणात धूळ खात पडलंय: दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीकडचा किंबर्लाइटचा, म्हणजे प्रावरणातून हिरे वर घेऊन येणाऱ्या खडकाचा तुकडा, त्यात वाटाण्याएवढा काळा दाणा. इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड असावं. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत असतं तेच, पण किंबर्लाइटमधल्यात मॅग्नेशियम जास्त, म्हणून हिरे शोधणारे त्याच्या मागावर असतात.

शेजारच्या डबीवर वडिलांच्या अक्षरात 'लिंडस्लेआइट?' असं लिहिलंय. तिथं मी खुर्चीच मागून घेतली. लिंडस्लेआइट आणि मथायासाइट या टायटॅनियमच्या दुर्मिळ ऑक्साइडांना 1983 साली नावं मिळाली. प्रावरणाच्या खडकात टायटॅनियम ऑक्साइड सरासरी 0.2 टक्क्यांच्या आसपास, पोटॅशियम आणि बेरियम त्याहूनही किरकोळ. तरी ही खनिजं हे सगळं एकत्र घेऊन बसलेली असतात. म्हणजे खालचा घन खडक तयार झाल्यावर त्यात बाहेरून द्रव किंवा शिलारस मुरला. कधी, तेही निघालंय. किंबर्लीजवळच्या नमुन्यांचं युरेनियम-शिसे पद्धतीनं काढलेलं वय साधारण 18 कोटी वर्षं येतं, त्यांना वर घेऊन आलेला किंबर्लाइट जेमतेम साडेआठ कोटींचा. अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथं दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागाचे लाव्हा वाहत होते, आपल्या पन्हाळ्याखालच्या बेसॉल्टसारखेच अफाट. त्या उलथापालथीत वर आला तो लाव्हा सगळ्यांना दिसतो. खाली काय मुरलं, त्याची नोंद या काळ्या दाण्यांत राहिली.

दुकानात उजेड कमी आहे, भिंग आपलं न्या. गाडी बिंदू चौकाकडं लावा, बोळात आत शिरू नका. मालक माणूस गोड, दगडाला हात लावू देतात, चहा विचारतात, पण बिल मागितल्याशिवाय देत नाहीत.

त्या डबीचे चार हजार सांगतात. भिंगातून लिंडस्लेआइट काय, इल्मेनाइट काय, दोन्ही काळेच. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखाली घटक मोजल्याशिवाय खात्री नाही. मालकांकडं तसा अहवाल नाही. तोवर इल्मेनाइटच्याच दरानं मागा. मला आठशेला दिली.