शाळेच्या समुपदेशन सेवेचे परीक्षण: चार वर्षांच्या अनुभवानंतर

माझी मुलगी सातवीत असताना तिच्या शाळेतील समुपदेशन सेवेशी आमचा पहिल्यांदा संबंध आला. आता तिची दहावी पूर्ण होत आली आहे, आणि या चार वर्षांत त्या सेवेने काय दिले व कुठे ती कमी पडली हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते. शाळा निवडताना पालक निकालाची, मैदानाची, प्रयोगशाळेची आणि घरापासूनच्या अंतराची चौकशी करतात. समुपदेशकाची खोली कुठे आहे आणि ती किती वेळ उघडी असते, हे मीही विचारले नव्हते. माहितीपत्रकात ‘पूर्णवेळ समुपदेशक उपलब्ध’ एवढी एक ओळ होती, ती वाचून मी पान उलटले होते.

सातवीच्या दुसऱ्या सत्रात मुलीचे सकाळी पोट दुखू लागले. शाळेची वेळ टळली की दुखणे कमी होई, त्यामुळे घरात आधी काळजी, मग शंका आणि शेवटी रागावणे असा क्रम सुरू झाला. वर्गशिक्षिकांच्या सांगण्यावरून आम्ही दोघे समुपदेशिकांना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरांनी तपासले आहे का, हा; दुसरा ती किती वाजता झोपते, हा; आणि त्यानंतर त्यांनी हजेरीपट मागवून घेतला. पोटदुखी सोमवारची आहे असे आम्ही धरून चाललो होतो, पण हजेरीपटावर सोमवारइतकेच गुरुवारही रिकामे होते. वेळापत्रक शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की या दोन्ही दिवशी प्रकल्पाची जोडतासिका असे आणि त्या तासिकेत मुलांनी आपापले गट स्वतः बनवायचे असत. दरवेळी माझी मुलगी कोणत्याही गटात न घेतली गेलेली शेवटची मुलगी ठरत होती. वर्गात तिला कोणी मारले नव्हते की शिव्या दिल्या नव्हत्या, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही घडते आहे असे तिला स्वतःलाही वाटत नव्हते.

पुढे जे झाले ते मला फार शिकवून गेले. समुपदेशिकांनी तिला सुट्टीवर राहू देण्याचा सल्ला दिला नाही आणि उद्यापासून पूर्ण दिवस पाठवा असेही सांगितले नाही. पहिल्या आठवड्यात रोज पहिल्या दोन तासिका वर्गात आणि एक तासिका ग्रंथालयात, पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीपर्यंत, आणि चौथ्या आठवड्यापासून पूर्ण दिवस, अशी आखणी त्यांनी मुलीशी बोलून तिच्याच हस्ताक्षरात लिहून घेतली. घरी राहिल्याने त्या क्षणी सुटका होते, पण त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशीचा उंबरठा आणखी उंच होतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. त्याच वेळी प्रकल्पाच्या तासिकेत गट शिक्षकांनीच ठरवून द्यावेत आणि ते दर महिन्याला बदलावेत, अशी व्यवस्था त्यांनी संबंधित शिक्षकांशी बोलून करून घेतली. त्यात कोणाचेही नाव घेतले गेले नाही. माझ्या मुलीबरोबर आणखी दोन-तीन मुलांचा त्रास त्यामुळे कमी झाला असेल, असे मला आजही वाटते. एका मुलाला धीर देणे आणि ज्या व्यवस्थेमुळे तो खचतो ती व्यवस्था बदलणे, ही दोन्ही कामे शालेय समुपदेशकाची आहेत. दुसरे काम शाळेबाहेरच्या उत्तम मानसोपचारतज्ज्ञालाही करता येणार नाही, कारण वेळापत्रक आणि शिक्षक त्याच्या हाताशी नसतात.

या सेवेविषयी माझे मत ज्या प्रसंगाने ठरले, तो मात्र एका फोनचा आहे. तिसऱ्या भेटीनंतर मी समुपदेशिकांना फोन करून मुलगी नेमके काय बोलली हे विचारले. मी वडील आहे, मला सर्व कळायलाच हवे, अशी माझी समजूत होती. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “तिने मला जे विश्वासाने सांगितले आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला सांगण्यासारखे जे आहे ते तिने स्वतः सांगावे, यासाठी मी तिला मदत करीन. ती स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला इजा करील, किंवा तिला कोणी इजा करत आहे, असे मला वाटले, तर मात्र मी त्याच दिवशी तुम्हाला फोन करीन, आणि हे मी तिलाही पहिल्याच भेटीत सांगितले आहे.” त्या वेळी मला याचा राग आला. दोन-तीन दिवस मी तो राग बाळगला. त्यानंतर एका संध्याकाळी मुलीने आपणहून गटांची सगळी हकिकत आम्हाला सांगितली, आणि सांगताना ती अडखळली नाही. गोपनीयतेची सीमा पहिल्याच दिवशी आखून देणे आणि ती पालकांच्या आग्रहापुढेही न पुसणे, हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. ही सीमा पाळली जात नसेल, तर मुले त्या खोलीत जातील, पण काही बोलणार नाहीत.

माध्यमिक वर्गांतील मुलांना अशा खोलीची गरज किती आहे, हे समजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा एक अंदाज पुरेसा आहे: १० ते १९ या वयोगटातील दर ७ मुलांमागे १ मूल एखाद्या मानसिक विकाराने ग्रस्त असते. माझ्या मुलीच्या वर्गात ४२ मुले आहेत. या हिशेबाने त्यांत सहा मुले असू शकतात. विकाराच्या व्याख्येत न बसणाऱ्या, पण रोज सोबत असणाऱ्या अडचणी तर वेगळ्याच. सहावी-सातवीत एका वर्गशिक्षिकेच्या जागी अनेक विषयशिक्षक येतात, शरीर बदलते, मैत्रीचे गट दर महिन्याला मोडतात आणि जुळतात. नववी-दहावीत परीक्षेचा ताण, विषयांची निवड आणि फोनवरून होणारी चेष्टा यांचे ओझे वाढते. झोपेचा प्रश्नही समुपदेशिकांनी उगीच विचारला नव्हता. या वयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ उशिरा सरकते, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असते. आमच्या घरी ती जेमतेम साडेसहा तास होत होती.

आठवीत त्यांनी वर्गावर घेतलेले तास चांगले होते. फोनवर कोणी त्रास दिला तर उलट उत्तर देऊ नका, संदेश पुसू नका, पडद्याचे छायाचित्र काढून ठेवा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवा, एवढे चार टप्पे त्यांनी इतक्या सरळ भाषेत सांगितले की ते मुलीला आजही तोंडपाठ आहेत. पालकांसाठी घेतलेल्या एका सत्रात त्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. मूल खचलेले दिसत असेल, तर जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे त्याला थेट आणि शांतपणे विचारावे; असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. सभागृहात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या सत्राला निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या, याचे मला अजून वाईट वाटते.

आता उणिवा. करिअर मार्गदर्शन हा या सेवेचा सर्वांत दुबळा भाग आहे. खरे तर शालेय समुपदेशनाचा उगमच या कामातून झाला. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे कार्यालय सुरू केले. त्यांची मांडणी साधी होती: आधी स्वतःला ओळखावे, मग व्यवसायांची माहिती घ्यावी, आणि त्यानंतर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. आमच्या शाळेत यांपैकी पहिली पायरी घाईघाईने चढली जाते आणि तिसरी गाठलीच जात नाही. नववीच्या सर्व मुलांना एका दिवशी सभागृहात बसवून कलचाचणी घेतली गेली, महिन्याभराने एक रंगीत अहवाल घरी आला आणि विषय तिथेच संपला. त्या अहवालात मुलीची आवड संशोधनाकडे आणि कलेकडे असल्याचे म्हटले होते, पण त्या दोन आवडींना एकत्र वाव कुठे मिळतो, कोणते विषय घेतले तर कोणते दार बंद होते, आणि पंधराव्या वर्षीची आवड बदलूही शकते, यावर कोणी तिच्याशी बोलले नाही. चाचणीचे उत्तर हाच निर्णय आहे, असे समजून तिच्या दोन मैत्रिणींनी विषय निवडले. अहवालानंतर प्रत्येक मुलाशी वीस मिनिटांचे बोलणे झाल्याशिवाय ही चाचणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात दोष समुपदेशिकांचा कमी आणि शाळेच्या व्यवस्थापनाचा अधिक आहे. शाळेत सुमारे अकराशे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यासाठी समुपदेशिका एकच. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी शिफारस करते, आणि समुपदेशकाचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांना थेट मदत करण्यात किंवा त्यांच्यासाठी पालक, शिक्षक व बाहेरचे तज्ज्ञ यांच्याशी बोलण्यात जावा, असेही सांगते. आमच्या समुपदेशिका अनुपस्थित शिक्षकांच्या तासिका घेतात, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन पाहतात आणि परीक्षेच्या काळात पर्यवेक्षणाला उभ्या राहतात. परिणामी ज्या दोन आठवड्यांत मुलांना त्यांची सर्वाधिक गरज असते, त्याच दोन आठवड्यांत त्यांच्या खोलीला कुलूप असते.

याहून गंभीर गोष्ट अशी की काही शिक्षक शिक्षा म्हणून मुलांना समुपदेशन कक्षात पाठवतात. वर्गात दंगा केला, गृहपाठ आणला नाही, की ‘जा मॅडमकडे’. यामुळे तिथे जाणे म्हणजे काहीतरी चुकल्याची खूण ठरते, आणि ज्याला खरोखर बोलायचे आहे तो मुलगा त्या दारासमोरून नुसता निघून जातो. खोलीची जागाही चुकीची आहे. ती मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून आहे आणि तिच्या दारात मोठी काच आहे, त्यामुळे आत कोण बसले आहे हे मधल्या सुट्टीत सर्वांना दिसते. आपण तिथे असल्याचे कोणी पाहू नये म्हणून माझी मुलगी सुरुवातीला शाळा सुटल्यावर थांबत असे.

समुपदेशिकांनी आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली, हे मात्र नमूद केले पाहिजे. शालेय समुपदेशक निदान करत नाहीत आणि दीर्घकाळचे उपचारही करत नाहीत. आमच्या परिचयातील एका मुलाला गरज भासली, तेव्हा त्यांनी वेळ न घालवता बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवले, पालकांच्या लेखी संमतीने त्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवला आणि मुलाच्या परीक्षेसाठी शाळेकडून सवलत मिळवून दिली. एखाद्याला दुसरीकडे पाठवून हात झटकणे आणि पाठवल्यानंतरही सोबत राहणे यांतला फरक त्या जाणतात.

माझ्याकडून समुपदेशिकांच्या कामाला पाचपैकी पाच गुण आणि शाळेने त्या कामासाठी केलेल्या सोयीला पाचपैकी दोन. जे पालक शाळा शोधत आहेत त्यांनी प्रवेशाच्या वेळी विचारावे की समुपदेशकाकडे किती विद्यार्थी आहेत, त्यांना आणखी कोणती कामे दिली जातात, मुलाला शिक्षकांची चिठ्ठी न घेता भेटता येते का, आणि मुलाने सांगितलेल्या गोष्टी कोणत्या परिस्थितीत पालकांना कळवल्या जातात. या शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही पालकांना सर्व काही सांगतो’ असे उत्तर मिळाले, तर पुन्हा एकदा विचार करावा.

मागील पालकसभेनंतर आम्ही काही पालकांनी व्यवस्थापनाला लेखी निवेदन दिले. परीक्षेच्या काळात कक्ष उघडा ठेवावा, समुपदेशिकांकडून पर्यवेक्षण काढून घ्यावे आणि दारावरची काच झाकावी, अशा तीन मागण्या त्यात होत्या. काचेवर दुसऱ्याच आठवड्यात पांढरा कागद चिकटवला गेला. उरलेल्या दोन मागण्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे.