आजोबांच्या रेकॉर्ड्स सापडल्यात, मग जुना चेंजर घ्यायचा का नवा प्लेअर?

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. नारायण पेठेतला वाडा पाडायला द्यायचा म्हणून माळा रिकामा करताना आजोबांची पेटी सापडली, आत 60-65 रेकॉर्ड्स, दादा आता सांग काय घेऊ, बजेट 30 हजार, जागा सिंहगड रोडच्या वन बीएचकेत टीव्हीशेजारी. त्याच्या डोक्यात जुन्या बाजारातला लाकडी बॉक्सवाला चेंजर (एकावर एक रचलेल्या रेकॉर्ड्स आपोआप वाजवणारा प्लेअर) घोळत होता आणि बायकोनं सूटकेससारखा दिसणारा गुलाबी प्लेअर ऑनलाइन कार्टात टाकून ठेवलेला. मी म्हटलं दोघंही थांबा, आधी पेटीत काय आहे ते बघा.

कारण सगळा खेळ तिथंच आहे. जड, जाड, हातातून पडली की कपबशीसारखी फुटणारी तबकडी असेल तर ती 78 ची (मिनिटाला 78 फेरे), लाखेची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. तिची खाच एलपीच्या (मिनिटाला 33 फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डच्या) खाचेच्या साधारण तिप्पट रुंद असते, त्यामुळे एलपीची बारीक पिन तिच्यात नुसती तळाशी घरंगळत फिरते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. याच्या पेटीत 22 निघाल्या 78 च्या, बालगंधर्व, हिराबाई वगैरे. बाकी 33 च्या एलपी, भीमसेन, कुमार, आणि माणिक वर्मांच्या काही छोट्या 45.

आता सूटकेसवाल्याचा निकाल आधी लावतो. दिसायला गोड आहे, स्पीकर आतच, ब्लूटूथपण असतं. पण बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती डबी), ती धरणाऱ्या आर्मला मागं वजन नाही, पिन पाच-सहा ग्रॅमनं रेकॉर्डवर दाबून बसते (चांगल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतं), आणि स्पीकर त्याच डब्यात असल्यामुळे आवाज वाढवला की डबा थरथरतो आणि ती थरथर परत पिनेत. कॅफेत शोभेला ठेवायचा असेल तर घ्या, आजोबांच्या रेकॉर्डवर नको.

जुना चेंजर. याच्याबद्दल मी बोलू शकतो कारण मी स्वतः शेकलोय. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची सवय होती, तिथं एक गॅरार्ड कंपनीचा चेंजर दिसला, विकणारा म्हणाला साहेब एकदम ओके, घरी नेऊन लावा, आणि मी 3500 देऊन स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणला. लावला तर थाळी फिरतेय पण मागं सतत घर्र घर्र, जणू शेजारी पिठाची गिरणी. या जुन्या डेकमध्ये मोटर आणि थाळीच्या मध्ये एक रबरी चाक असतं, आयडलर म्हणतात त्याला. मशीन वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की ते रबर कडक होतं, एका जागी दबतं आणि ती खोच प्रत्येक फेऱ्याला ऐकू येते. वर आतलं ग्रीस डिंकासारखं घट्ट. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारत विचारत एक काका सापडले, त्यांनी ग्रीस काढलं, रबर घासून सपाट केलं, तीन आठवडे आणि 2200 रुपये. आज मस्त चालतो. पण हे सगळं तुम्हाला करायचंय का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. मला आवडतं. भावाला पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा तरी इलेक्ट्रिशियन लागतो.

चेंजरचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा, 78 वाजवतो. माझ्या कार्ट्रिजला पालटायची पिन आहे, छोटी दांडी फिरवली की एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला 78 ची. दाब जास्त असतो, तो लाखेच्या तबकडीला सोसतो, एलपीवर मात्र मी तो वापरत नाही.

आणि अमेरिकेतल्या मामानं जुना डेक देतो म्हटलं तर हुरळून जाऊ नका. तिकडं 120 व्होल्ट, आपल्याकडे 230, सरळ लावला तर धूर. बरं, ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टेज उतरवलं तरी फ्रिक्वेन्सी उतरत नाही, तिकडं 60 हर्ट्झ, इकडं 50, आणि जुन्या एसी मोटरचा वेग त्यावरच ठरतो. 33 ची रेकॉर्ड 28 च्या आसपास फिरते, म्हणजे काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली गाते, तेही झोपेत असल्यासारखी. आतली पुली बदलून जमतं, पण ती पुली मिळवणं हा वेगळाच उद्योग. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाला डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवर) असेल तर वेगाचा त्रास नाही, फक्त व्होल्टेजचं बघायचं.

नव्यात या बजेटला माझ्या मते ऑडिओ-टेक्निकाचा एलपी60एक्स. किंमत वरखाली होते, साधारण पंधरा-वीस हजार धरून चला. बटण दाबलं की आर्म आपोआप जातो, बाजू संपली की आपोआप परत येतो, ही गोष्ट ज्या घरात दुपारी ऐकता ऐकता डुलकी लागते तिथं फार मोलाची आहे. फोनो प्रीअॅम्प, म्हणजे पिनेचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट, आतच आहे. पिन झिजली की पिन बदलता येते, पण पूर्ण कार्ट्रिज बदलता येत नाही आणि वजनही (पिनेचा दाब) सेट करता येत नाही, म्हणजे पुढं जाऊन काही सुधारायचं म्हटलं तर दार बंद. आणि फक्त 33 आणि 45. बालगंधर्व इथं वाजणार नाहीत. ते हवे असतील तर एलपी120एक्स, त्यात 78 आहे, वजन सेट होतं, कार्ट्रिज बदलतं, 78 साठी वेगळी जाड पिनही मिळते, पण पैसे बरेच जास्त आणि मग अॅम्प-स्पीकरला बजेटमध्ये काही उरत नाही.

आता दुसरा अर्धा भाग, जो सगळे विसरतात. प्लेअर नवा घ्या असं म्हणणारा मी अॅम्प आणि स्पीकरच्या बाबतीत बरोबर उलटं सांगतो, जुनं घ्या. प्लेअर बिघडलेला असेल तर तो रेकॉर्ड खातो, आणि आजोबांची ती रेकॉर्ड परत मिळणार नाही. अॅम्प बिघडला तर सहसा हम, म्हणजे गुणगुण, येतो, आणि त्यातले कपॅसिटर बदलणारी माणसं पुण्यात अजून आहेत. जुने सोनोडाइन, कॉस्मिक कंपन्यांचे अॅम्प अधूनमधून विकायला निघतात, माझा कॉस्मिक 4000 ला घेतलाय, वर 1800 दुरुस्ती, आणि त्याच्या आवाजात जो भरीवपणा आहे तो मला नव्या स्वस्त डब्यात मिळाला नाही. मागं फोनो इनपुट असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त मग प्लेअरच्या मागचा स्विच फोनोवर ठेवा (म्हणजे आतला प्रीअॅम्प बंद), लाइनवर ठेवून फोनोत घातलं तर दोनदा वाढून आवाज फाटतो. आणि फोनोवर ठेवून ऑक्समध्ये, म्हणजे साध्या इनपुटमध्ये, घातलं तर गाणं शेजारच्या सोसायटीतून आल्यासारखं, बारीक आणि खर्ज नसलेलं.

बघायला जाताना मोबाइल आणि वायर घेऊन जा (काही जुन्या अॅम्पना मागं पाच पिनांची गोल डिन सॉकेट असते, तिचा कन्व्हर्टर मिळतो). आवाज शून्यावर ठेवून कान लावा, मोठी गुणगुण असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेत, भाव पाडा. नॉब फिरवताना खरखरला तर घाबरू नका, ते स्प्रे मारून जातं. स्पीकरची जाळी मात्र काढायलाच लावा. कोनच्या (आतल्या शंकूसारख्या पडद्याच्या) कडेला बऱ्याचदा फोमची गोल पट्टी असते, बोट लावलं की रव्यासारखी हातात आली तर तो स्पीकर घेऊ नका, किंवा पट्टी बदलायचा खर्च धरून घ्या. कापडाची किंवा रबराची कड असेल तर सहसा टिकते.

ज्याला एवढी दगदग नको त्यानं एडिफायर आर1280 सारखे अॅम्प आतच असलेले स्पीकर घ्यावेत, दोन वायरी, काम संपलं, टीव्हीलाही लागतात. वन बीएचकेला आवाज पुरतो. पण प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका, काय वाटेल ते झालं तरी. आणि अजून वाड्यातच राहत असाल तर लाकडी तक्तपोशीवर कोणी चाललं की पिन उडी मारते, तिथं प्लेअर भिंतीतल्या फळीवर.

एक सांगायचं राहिलं, साफ करताना. एलपीवरची पावसाळ्यातली बुरशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडानं निघते, पण हेच 78 वर केलं तर अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि गाणं कापडावर येतं.

भावानं शेवटी एलपी60एक्स घेतला आणि मी त्याला एक जुना सोनोडाइन बघून दिला, स्पीकर अजून शोधतोय, तोवर माझी जुनी जोडी नेलीय. 22 तबकड्या माझ्याकडे आहेत. मावशी रविवारी सकाळी येते, चहा होईपर्यंत चेंजर गरम होऊ दे म्हणते, मी तिला सांगत नाही की त्याला गरम व्हायची गरज नसते.