फ्युएल फ्लो मीटर: आठ महिने वापरल्यावर

बोटीचं इंजिन किती इंधन खातंय ते दाखवणारा हा मीटर. माझ्याकडे ६० हॉर्सपॉवरचं कार्बोरेटरवालं पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन) आणि इंधनाच्या नळीत बसणारा टर्बाइन सेन्सर, म्हणजे आत प्रवाहाने फिरणारी छोटी चक्री. आठ महिन्यांनंतरचं मत: वस्तू कामाची आहे, पण खोक्यातून काढल्या काढल्या जो आकडा दाखवते त्यावर विसंबू नका.

घेण्याआधी इंजिन बघा. इंजेक्शनच्या बऱ्याच नव्या आउटबोर्डमध्ये इंजिनाचा कॉम्प्युटरच खप मोजतो. एनएमईए २००० ची (बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कची) केबल जोडली की तो आकडा स्क्रीनवर येतो, नळी कापावीच लागत नाही. डिझेलमध्ये उरलेलं इंधन टाकीत परत जातं, म्हणून दोन सेन्सर आणि त्यांची वजाबाकी. दोन्ही आकडे मोठे आणि फरक छोटा असला की जराशी चूकही फार मोठी होते. स्वस्तातली जोडी तिथे फुकट.

बसवताना बॅटरी बंद, हवा खेळती. सेन्सर फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. आधी बसवला तर टाकीतला कचरा चक्रीत अडकतो. बाणाची दिशा सांभाळून तो उभा, प्रवाह खालून वर जाईल असा लावला की हवेचे बुडबुडे आत साचत नाहीत. आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात नको, तिचे तुकडे सुटून चक्रीत किंवा कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात. पेट्रोलला टिकणारी सीलिंग पेस्ट लावा, क्लिपा स्टेनलेसच्या.

सगळ्यात जास्त फसवतो तो हवेचा शिरकाव. या नळीत इंजिनाचा पंप पेट्रोल ओढत असतो, त्यामुळे सैल जोडातून थेंबही गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. इंजिन वरच्या आरपीएमला गचके खातं, मीटरचा आकडा नाचतो आणि दोष सेन्सरवर येतो. प्रायमर बल्ब (नळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबून कडक करा, प्रत्येक जोड पुसून ओल बघा. गचके तरीही राहिले तर सेन्सरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा थोड्या वेळापुरता लावा, बुडबुडे दिसतील. स्क्रीनवर सेन्सरच दिसत नसेल तर वीज बंद करून एनएमईए नेटवर्कच्या दोन डेटा तारांमधला रोध मोजा. दोन्ही टर्मिनेटर (नेटवर्कच्या दोन टोकांना लागणारे रोधक) जागेवर असतील तर तो ६० ओहमच्या आसपास येतो, १२० आला तर एक गायब आहे.

कॅलिब्रेशनसाठी बोट ट्रेलरवर, दर वेळी त्याच कलावर, टाकी त्याच खुणेपर्यंत भरलेली. निदान ४० लिटर जाळल्याशिवाय हिशेब करू नका, कारण भरताना लिटरभर इकडेतिकडे होतंच. मीटर ४६ म्हणतोय आणि पंपावर ५० लागले, तर गुणक ५० भागिले ४६, म्हणजे १.०८७. हेच पुन्हा एकदा करा.

आयडलिंगचा आकडा मात्र सोडून द्या. पंप झटक्याझटक्याने ओढतो आणि इतक्या कमी प्रवाहात चक्री थांबत-थांबत फिरते. डॅम्पिंग (आकड्याची सरासरी काढून चढउतार कमी करणारं सेटिंग) वाढवलं तर आकडा स्थिर दिसतो, खरा होत नाही.

खरा उपयोग लिटर प्रति सागरी मैलाचा. समजा २० नॉटला (तासाला २० सागरी मैल) तासाला २० लिटर, म्हणजे मैलाला १ लिटर. १४ नॉटला १७ लिटर, म्हणजे १.२. वेग कमी आणि खर्च जास्त, कारण बोट धड प्लेनवर नाही, म्हणजे पाण्यावर उचलून घसरत नाही. ट्रिम (इंजिनाचा कल) थोडा थोडा हलवून हा आकडा बघत राहा, दोन मिनिटांत योग्य जागा सापडते. तोच आरपीएम, तेच वजन आणि मैलामागे लिटर वाढत चाललेत, तर बोटीचा तळ घासून साफ करायची वेळ झाली.

आणि हो, मीटर टाकी बघत नाही, सेन्सरमधून गेलेलं इंधन फक्त मोजतो. अर्धवट भरून 'टाकी फुल' दाबलं, किंवा सेन्सरच्या आधी गळती असली, तर 'शिल्लक' खोटी. टाकीचा काटा काढून टाकू नका.