पद्मिनी घ्यावी की ॲम्बॅसॅडर?

जुनी गाडी घरी आणायची म्हटलं की आपल्याकडे गोष्ट या दोन नावांवर येऊन थांबते. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००, तर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. आकडा लहान वाटतो, पण गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास, त्यामुळे शहरात ती चटपटीत पळते आणि गल्लीत सहज वळते. स्टेअरिंगखालचा हँडल गिअर हाताला बसायला थोडे दिवस लागतात. एकदा बसला की सोडवत नाही. मात्र चार माणसं, सामान आणि खंबाटकीचा चढ असेल, तर दुसऱ्या गिअरची तयारी ठेवायची.

ॲम्बॅसॅडर घेताना आधी इंजिन विचारा. जुनी १४८९ सीसी पेट्रोल गाडी पन्नासेक अश्वशक्तीची; अंगाने जड, म्हणून निवांत. त्याच मापाचं डिझेल तर फारच मंद, ते मी कुणालाही सुचवणार नाही. १९९०च्या दशकात इसुझुचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले आणि गाडीचा स्वभावच पालटला. सुमारे ७५ अश्वशक्तीमुळे ती आजही हायवेवर आत्मविश्वासाने चालते. खड्ड्यांत तर ॲम्बॅसॅडरच सरस, आणि मागच्या सीटचा ऐसपैसपणा पद्मिनीत नाही.

पत्रा मात्र दोन्हींचा सारख्याच काळजीने बघा. दोन्हींना वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. मॅट उचलून फरशी दाबून बघा, दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवा. रंगाखाली फुगवटा लागला तर आत गंज आहे. कोकणातली गाडी असेल तर हे दोनदा करा. इंजिन परत बांधता येतं. सडलेली बॉडी खिसा रिकामा करते.

घरच्यांना घेऊन लांब जायचं असेल तर १.८ ॲम्बॅसॅडर. रविवारी स्वतः चालवायला, कमी जागेत ठेवायला पद्मिनी. माझा कौल तिलाच.

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण इंजिन आणि बॉडी मूळ हवी, आणि मग रोजच्या वापराला बंदी येते. म्हणून बयाणा देण्याआधी आरसी बुकातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा.