यूजर सर्व्हिस, सिस्टम सर्व्हिस, क्रॉन की टीमक्स? लॉगआऊट झाल्यावर काय टिकतं ते बघून ठरवा

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून लावून दिलाय, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला, त्यावर सिंकथिंग हा दोन मशीनमधले फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्रॅम चालतो आणि बिलांचा फोल्डर अण्णांच्या घरच्या मशीनवर येतो. परवा अण्णांचा फोन, "अरे, सोमवारपासनं एकपण बिल घरी आलेलं नाही बघ." मी घरातनं एसएसएचनं (लांबून लॉगिन करायची सोय) आत शिरलो तर दोन मिनिटांत सगळी बिलं गेली पण, म्हटलं झालं काम, बाहेर पडलो, आणि परत सगळं गप. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

झालं असं की रविवारी लाइट गेलेली, मशीन परत चालू झालं ते लॉगिनच्या स्क्रीनवर येऊन थांबलं, आणि आधी तिथं कायम एक सेशन उघडं असायचं म्हणून आजवर हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लिनक्सवर मागं चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिसेस, सुरू-बंद करायचं काम सिस्टमडी करतं, आणि त्यात प्रत्येक यूजरसाठी वेगळा मॅनेजर असतो, तो त्या यूजरच्या पहिल्या लॉगिनला उठतो आणि शेवटचं सेशन बंद झालं की साधारण 10 सेकंदांनी आपल्या हाताखालच्या सगळ्या सर्व्हिसेस बंद करून जातो. सिंकथिंग अशी यूजर सर्व्हिस होती, म्हणजे मी आत असेपर्यंतच ती जिवंत.

असा प्रोग्रॅम लॉगआऊटनंतरही चालू ठेवायला आता निवडायचं काय. यूजर सर्व्हिसची फाइल आपल्या होममधल्या कॉन्फिग फोल्डरात बसते, रूट (मशीनचे सगळे अधिकार असलेला यूजर) लागत नाही, लॉग जर्नलसीटीएल या कमांडला यूजरचा पर्याय देऊन बघता येतो, स्वतःच्या लॅपटॉपवर मी हेच वापरतो आणि मला लई आवडतं. लॉगिनशिवाय चालायला हवी असेल तर लॉगिनसीटीएल या कमांडनं त्या यूजरचं लिंगर (लॉगिन नसतानाही मॅनेजर चालू ठेवायची सोय) इनेबल करायचं, मग त्याचा मॅनेजर बूटलाच उठतो. पण तीन ठिकाणी माणसं अडकतात. सिस्टमच्या फाइलमधनं कॉपी करून वॉन्टेडबाय या ओळीत (सर्व्हिस कुठल्या टप्प्याला, म्हणजे टार्गेटला, उठवायची ते) मल्टी-यूजर टार्गेट तसंच ठेवलं तर इनेबल होतं पण बूटनंतर सुरूच होत नाही, यूजरकडं ते टार्गेट नसतंच, तिथं डीफॉल्ट टार्गेट लिहायचं. होम एन्क्रिप्टेड असेल आणि पासवर्ड टाकल्यावरच उघडत असेल तर लिंगरचा उपयोग नाही, फाइलच सापडत नाही. आणि नेटवर्क ऑनलाइन व्हायची वाट बघायला सांगता येत नाही, कारण त्याचं युनिट (सिस्टमडीची फाइल) सिस्टमच्या मॅनेजरकडं असतं, यूजर मॅनेजरला ते दिसत नाही.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या. नेट नसल्यानं प्रोग्रॅम पडला तर परत उठेल म्हणून फाइलमध्ये रीस्टार्ट ऑन-फेल्युअर (पडला की परत सुरू कर) लिहिलं की निवांत झालो असं वाटतं, पण दोन प्रयत्नांमधला डीफॉल्ट वेळ फक्त 100 मिलिसेकंद आहे आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊन पडली की सिस्टमडी नाद सोडतं. नेट यायच्या आत उठणारा आणि लगेच पडणारा प्रोग्रॅम हे पाच प्रयत्न एका दमात संपवतो आणि मग दिवसभर फेल्ड. रीस्टार्टसेक (दोन प्रयत्नांमधले सेकंद) 30 केलं की हा त्रास जातो.

सिस्टम सर्व्हिसमध्ये यूजर अमुक असं लिहून तीच गोष्ट चालवता येते. फाइल ईटीसी या सिस्टमच्या फोल्डराखाली, रूट लागतो, पण लॉगिन असो नसो फरक नाही, नेटवर्कची, डिस्क माउंट व्हायची वाट बघता येते, आणि ऑफिसात दुसरं कोणी बसलं तरी त्याला साध्या सिस्टमसीटीएल स्टेटस कमांडमध्ये ती दिसते. फक्त यूजरची ओळ विसरू नका, नाहीतर सगळं रूट म्हणून चालतं.

क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) यातला ॲट-रीबूट, म्हणजे बूटला सुरू कर, मी कुणालाच सांगत नाही, एकदा सुरू करतो आणि पडलं की पडलं. टीमक्स (बाहेर पडलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) एखाद्या रात्रीच्या मोठ्या कॉपीसाठी झकास, रोजच्या कामाला नको, शिवाय 2016 साली सिस्टमडीच्या 230 व्या आवृत्तीत लॉगआऊटला यूजरच्या सगळ्या प्रोसेस मारायचं डीफॉल्ट चालू केलेलं, डेबियननं ते बंद ठेवलंय, पण तुमच्या मशीनवर लॉगिनडीच्या (लॉगिन सांभाळणारा सिस्टमडीचा भाग) कॉन्फिग फाइलमध्ये एकदा बघाच.

माझं मत सरळ आहे, काम फक्त तुमचं असेल तर यूजर सर्व्हिस, सर्व्हरवर असेल तर लिंगरसकट, आणि त्यावर दुसऱ्याचा धंदा अवलंबून असेल आणि रूट हातात असेल तर सिस्टम सर्व्हिस. सिंकथिंगच्या पॅकेजमध्ये दोन्ही फाइली तयारच येतात, त्यामुळं अण्णांकडं काम सोपं होतं, आधी यूजरवाली डिसेबल केली, कारण दोन्ही एकदम चालवल्या तर एकाच डेटाबेसवर भांडतात, मग सिस्टमवाली त्यांच्या यूजरच्या नावानं इनेबल केली. अण्णांसमोरच मशीन रीबूट केलं, कीबोर्डला हात लावला नाही, चहा येईपर्यंत त्यांच्या घरनं फोन आला की टेस्टचं बिल फोल्डरात दिसतंय.