पहिल्या एपीआयसाठी फास्टएपीआय की जँगो?
हिंजवडीहून कोथरूडला परतल्यावर रात्री जेमतेम तासभर हाताशी उरणाऱ्याने, पहिला एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची सोय) लिहिताना, माझ्या मते, २०१८ साली आलेल्या फास्टएपीआय या पायथॉन भाषेतल्या फ्रेमवर्कपासून, म्हणजे तयार सांगाड्यापासून, सुरुवात करावी. कारण एका फाइलीत पाच-सहा ओळी लिहून टर्मिनलवर ‘फास्टएपीआय डेव्ह’ ही कमांड दिली, की ८००० क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर सुरू होतो, आणि पत्त्याच्या शेवटी ‘डॉक्स’ जोडताच प्रत्येक विनंती तिथल्या तिथे तपासता येईल असे पान आयते मिळते. २००५ पासूनच्या जँगो या पायथॉनच्याच फ्रेमवर्कमध्ये ‘स्टार्टप्रोजेक्ट’ ही कमांड दिल्यावर सेटिंग्जसह अनेक फायली तयार होतात, शिवाय एपीआयसाठी ‘रेस्ट फ्रेमवर्क’ हे जोडपॅकेज सहसा निराळे बसवावे लागते. नवख्याला हा पसारा जाचतो खरा. मात्र लॉगिन आणि अ‍ॅडमिन पॅनेल पहिल्याच दिवशी हवे असेल, तर ‘मायग्रेट’ या एका कमांडने त्यांची डेटाबेसमधली टेबले तयार करणारा जँगोच सोयीचा पडतो.