शीआनमध्ये एकच दिवस: हान स्त्रिया की तांग?

मैत्रीण विचारतेय, चीनमधल्या शीआन शहरात दरबारी स्त्रियांच्या मातीच्या मूर्ती कुठल्या पाहू, हान राजवंशाच्या काळातल्या की नंतरच्या तांग राजवंशाच्या?

घडणीत हान मूर्ती सडपातळ, हात बाह्यांत लपलेले. तांगच्या, विशेषतः आठव्या शतकातल्या, गुबगुबीत गालांच्या, भरघोस अंबाड्याच्या. काही तर चक्क घोड्यावरून पोलो खेळणाऱ्या! चेहऱ्यावरचा भाव मला तांगमध्येच जास्त दिसतो.

रंगाचं म्हणाल तर हान मूर्ती भाजल्यावर रंगवत, म्हणून रंग बराच उडालाय. तांगची हिरवी-पिवळी झिलई टिकते. चेहरा मात्र बहुधा झिलईविनाच.

हानसाठी विमानतळाजवळचं हानयांगलिंग, म्हणजे हान सम्राटाची समाधी आणि तिथलं संग्रहालय: काचेखाली उत्खननाचे खड्डे, गर्दी कमी. तांगसाठी शीआनमधलंच शाआन्शी इतिहास संग्रहालय, नोंदणी आधीच करावी.

उत्खनन जागेवर पाहायचं तर हान. पोशाख, केशरचना यांची चित्रं काढायची तर तांग.